फुलपाखरं येतात, पण थांबत नाहीत: ४ × १८ फुटांच्या पट्ट्यात आणि गच्चीवर काय लावावं? (बागकाम मंचावरचा प्रश्न आणि उत्तरं; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

तळमजला

जागा पुण्यात, सिंहगड रस्त्यावर. ग्रिलच्या बाहेर ४ फूट रुंद आणि १८ फूट लांब मातीचा पट्टा आहे, पूर्वेकडे तोंड, ऊन सकाळी ७ ते साडेअकरा. गच्चीवर १२ कुंड्या ठेवायची परवानगी आहे. तिथे दिवसभर ऊन आणि पावसाळ्यात प्रचंड वारा.

सध्या पट्ट्यात ५ फुटी कडीपत्ता, दुहेरी पाकळ्यांची जास्वंद, तगर आणि मोगरा आहे. गच्चीवर पिटुनिया आणि शेवंती. फुलं बऱ्यापैकी असतात, तरी फुलपाखरं एक चक्कर मारून शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर निघून जातात. त्या प्लॉटवर नुसतं रान माजलंय.

१) आता जूनची सुरुवात आहे, नेमकं काय लावू आणि किती?
२) कडीपत्त्यावर अळ्या पडतात, शेंडे साफ करतात. दर आठवड्याला कडुनिंबाचं तेल मारते. हे चालू ठेवावं का? स्वयंपाकाला पानं तर लागतातच.
३) साखरपाणी ठेवून उपयोग होतो का?
४) घाणेरीवर फुलपाखरं खूप दिसतात. ती लावली तर?
५) सोसायटीत डासांसाठी धूर मारतात, त्याचं काय करायचं?

खुरपं

ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. तो सुटल्याशिवाय बाकी काहीही लावलं तरी फरक पडणार नाही.

कडीपत्त्यावरच्या त्या अळ्या बहुतेक वेळा लाइम किंवा कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांच्या असतात. म्हणजे ज्यांना बोलवायचंय त्यांनाच तुम्ही दर आठवड्याला मारताय. लहानपणी अळी काळपट तपकिरी, मध्ये पांढरट पट्टा, थेट पक्ष्याची शीट वाटावी अशी. शेवटची कात टाकली की हिरवीगार होते. तिला हात लावलात तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि आंबूस वास सोडते. चावत नाही, खाजही येत नाही.

कडुनिंबाच्या तेलातल्या ॲझाडिरॅक्टिनमुळे अळीची भूक मरते आणि तिला कात टाकता येत नाही. मावा आणि फुलपाखराची अळी यांत ते भेद करत नाही. बाटलीवर ‘सेंद्रिय’ लिहिलं असलं म्हणून अळीला काही फरक पडत नाही. फवारणी पूर्ण बंद करा. या झाडांच्या मातीत निंबोळी पेंडही घालू नका, कारण तिचा अंश मुळांवाटे पानांत जाऊ शकतो. शेणखत किंवा गांडूळखत पुरेसं आहे.

आता स्वयंपाकाचा भाग. मादी कोवळ्या फुटीवर एकेक अंडं घालते, फिकट पिवळं, मोहरीपेक्षा लहान. ३-४ दिवसांत अळी बाहेर येते, साधारण दोन-अडीच आठवडे खाते, मग कोश. पावसाळ्यात कोशातून ८-१० दिवसांत फुलपाखरू निघतं. अळी आयुष्यभरात जेवढं खाते त्यातला मोठा हिस्सा शेवटच्या ४-५ दिवसांत खाते, म्हणून ‘कालपर्यंत ठीक होतं, आज झाड बोडकं’ असं वाटतं. ५ फुटी कडीपत्ता ८-१० अळ्या सहज सोसतो. वीतभर रोप मात्र दोन अळ्यांत संपतं.

म्हणून दोन झाडं ठेवा. तुमच्या कडीपत्त्याच्या बुडाशी पोरं फुटली असतील. जूनमध्ये एक पोर मुळांसकट वेगळं करून १२ इंची कुंडीत लावा. हे घरचं. त्याच्याभोवती चार काड्या रोवून मच्छरदाणीचं कापड लावा आणि खाली कुंडीच्या काठाला सुतळीने आवळा. कापड पानांना टेकता कामा नये, नाहीतर मादी जाळीवरून पोट वाकवून थेट पानावर अंडं घालते. पट्ट्यातलं मोठं झाड फुलपाखरांचं. त्याचे शेंडे आत्ता ६ इंच छाटा, पुन्हा ऑगस्टच्या शेवटी छाटा. प्रत्येक छाटणीनंतर कोवळी फूट येते आणि अंडी त्या फुटीवरच पडतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या थंडीत कडीपत्ता फुटत नाही, तेव्हा अंडी नाहीत म्हणून काळजी करू नका.

अळी हलवायची वेळ आली तर बोटांनी ओढू नका. कात टाकण्याआधी ती रेशमाने पानाला चिकटलेली असते, ओढली तर पाय तुटतात. ज्या पानावर बसलीय ते पान कात्रीने कापून दुसऱ्या झाडाच्या फांदीत अडकवा, ती आपण चालत जाते. कडीपत्त्यावरची अळी लहान असेल तर लिंबावर जाते, मोठी झालेली बरेचदा नवीन पान तोंडात घेत नाही.

रानतुळस

फुलांबद्दल लिहिते. तुमच्याकडची फुलं माणसांना छान दिसणारी आहेत, फुलपाखरांच्या कामाची कमी आहेत. दुहेरी जास्वंदीत पाकळ्यांच्या गर्दीमुळे सोंड मकरंदापर्यंत पोचत नाही. पिटुनियाची नळी लांब, ती संध्याकाळच्या पतंगांसाठी बरी. नर्सरीतली भरगच्च गोंड्यांची शेवंती जवळपास निरुपयोगी. मोगऱ्याचं गिऱ्हाईकही रात्रीचं.

काय हवं? लहान लहान फुलांचा गुच्छ, प्रत्येक फूल अरुंद नळीचं, आणि बसायला सपाट जागा. पेंटास यात पहिला नंबर. लाल किंवा गुलाबी घ्या, साध्या जातीचा, दीड-दोन फूट वाढणारा. पट्ट्यात ५ रोपं एकत्र, दीड फुटाच्या अंतराने. सुटी सुटी १८ फुटांत पसरू नका, फुलपाखराला लांबून रंगाचा ठिपका नाही, पट्टा दिसला पाहिजे. साडेचार तासांचं ऊन पेंटासला पुरतं. गुच्छ वाळला की खालच्या दोन पानांसकट खुडा, तीन आठवड्यांत पुन्हा फूल. सततच्या पावसात बुडाशी पाणी साचलं तर मूळ कुजतं, म्हणून वाफा आजूबाजूपेक्षा ४ इंच उंच करा.

त्याच्या मागे पेंटगुळ (एक्झोरा) एक झाड, शक्यतो मोठ्या पानांचं देशी लाल. बुटक्या एक्झोरावरही येतात, पण मॉरमॉनसारखी मोठी फुलपाखरं मोठ्या गुच्छावर जास्त वेळ काढतात. जास्वंद ठेवायचीच असेल तर साधी पाच पाकळ्यांची लाल लावा.

झिनिया आणि कॉसमॉस बियांपासून करा, पण जूनमध्ये नको. पुण्याच्या भर पावसात रोपं मर रोगाने कोलमडतात आणि उरलेल्या झिनियावर भुरी येते. १५ ऑगस्टच्या सुमारास पेरा, ऑक्टोबरमध्ये भर येतो आणि नेमकी तेव्हाच फुलपाखरंही भरात असतात. इथेही एकेरी पाकळीची जात. तुळस आणि सब्जा यांच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका. लहान निळ्या फुलपाखरांना त्या आवडतात.

घाणेरी लावू नका. तिच्यावर फुलपाखरं येतात हे खरंच आहे, पण ती बाहेरून आलेली आणि रान गिळणारी वनस्पती आहे. बुलबुल फळं खाऊन बिया टेकडीवर नेऊन टाकतात, मग ती उपटता उपटता वन खातं दमतं. पेंटासने तेच काम होतं. घरी आधीपासून असेल तर हिरवी फळं धरली की लगेच छाटून टाका.

गच्चीसाठी एकच गोष्ट आधी करा: वारा अडवा. पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, त्या बाजूला ५ फूट उंच ५० टक्के हिरवी जाळी ताणा. पूर्ण बंद पत्रा लावलात तर वारा वरून उलटून आत भोवरा करतो, जाळीतून तो गाळून येतो. भणाणत्या वाऱ्यात फुलावर टिकणं फुलपाखराला जमत नाही, मग फूल कितीही चांगलं असो.

दापोलीचा वारा

फुलं हा खानावळीचा भाग झाला. मुक्कामासाठी पानं लागतात, ज्यावर अळी वाढते ती. शेजारच्या प्लॉटवर जे ‘नुसतं रान’ आहे त्यात नक्की टाकळा, आंबोशी, घोळ, एकदांडी, रुई, एरंड यांतलं निम्मं असणार. टाकळ्यावर एमिग्रंट आणि ग्रास यलो या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, आंबोशीवर पेल ग्रास ब्लू, घोळीवर डॅनेड एगफ्लाय, रुईवर प्लेन टायगर, एरंडावर कॉमन कॅस्टर. फुलपाखरं मूर्ख नाहीत, ती बरोबर ठिकाणी जाताहेत.

तुमच्या जागेत असं बसवा:

ग्रिलला लागून एका टोकाला ईश्वरी (सापसंद). कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ यांच्या अळ्या याच कुळातल्या वेलींवर वाढतात. एक वेल लावून भागत नाही, १०-१२ अळ्या ती देठापर्यंत खातात आणि मग उपाशी मरतात. किमान ३ वेली, दोन-दोन फुटांवर, ग्रिलवर ८ फूट चढू द्या. औषधी वनस्पतींच्या रोपवाटिकेत मिळते. नर्सरीवाला ‘तीच आहे’ म्हणून बदकवेल देईल, ती घेऊ नका. मोठी बदकाच्या आकाराची फुलं येणारी ती शोभेची परदेशी वेल. मादी फसून त्यावर अंडी घालते आणि अळ्या जगत नाहीत. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग या फुलपाखराचं यामुळे मोठं नुकसान झालं आहे. ईश्वरीची पानं घरगुती औषध म्हणूनही पोटात घेऊ नका, त्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडाला घातक आहे.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कागदी लिंबू किंवा जागा असेल तर पपनस, कडीपत्त्यापासून ६ फूट दूर. यावर ब्लू मॉरमॉनची आशा धरता येते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं ते हेच. त्याला सावली आणि दमटपणा आवडतो, म्हणून तुमचा पूर्वेचा पट्टा गच्चीपेक्षा बरा.

मोगऱ्याखालच्या सावलीत पानफुटीच्या दोन कुंड्या, ८ इंची. रेड पियरोची अळी पानाच्या आत शिरून गर खाते, पान पारदर्शक पिशवीसारखं होतं आणि आत काळी विष्ठा दिसते. लोक रोग समजून पानं फेकतात. फेकू नका. पानफुटीला पाणी कमी, आठवड्यातून दोनदा. पाणी जास्त झालं तर पान आपणच सडतं आणि अळी बुडते.

निळा चित्रक (नर्सरीत प्लंबॅगो म्हणतात) १२ इंची कुंडीत, भर उन्हात. झेब्रा ब्लूची मादी त्याच्या कळ्यांवर अंडी घालते, अळी कळी कुरतडते. म्हणजे चार फुलं कमी मिळतील, एवढंच.

हळदीकुंकू (नर्सरीत मिल्कवीड) प्लेन टायगरसाठी. खरं देशी खाद्य रुई, पण रुई ४ फुटी पट्ट्यात मावत नाही, दोन वर्षांत ती पट्टाच घेते. कुंडीत हळदीकुंकू सोयीचं. पावसाळ्यात ६ इंची छाट कलम वाळूत सहज मुळं धरतं. चीक डोळ्यांत गेला तर बुबुळाला इजा होते, तेव्हा छाटल्यावर हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.

आणि पट्ट्याच्या पुढच्या कडेला दोन-तीन फूट जागा मोकळी सोडा. शेजारच्या प्लॉटमधून घोळ, आंबोशी, एकदांडी मातीसकट उचलून आणा. फुकट आहे. माळ्याला सांगून ठेवा, नाहीतर तो पहिल्याच दिवशी ‘तण’ म्हणून उपटेल.

गच्चीच्या १२ कुंड्या: हळदीकुंकू ३, पेंटास ३, निळा चित्रक २, झिनिया २ (सप्टेंबरपर्यंत त्यात सब्जा), लिंबू १ (१८ इंची), आणि जाळीच्या सावलीत सोनटक्का किंवा हळद १. हळदीच्या पानाची गुंडाळी झालेली दिसली तर आत ग्रास डीमनची अळी असते, उलगडून बघायचा मोह आवरा.

कोशातला

वरचं सगळं बरोबर. बिघडतं कुठे ते सांगतो.

नर्सरीचं रोप आणलं की लगेच अळ्या मरतात, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. कारण नर्सरीत मुळाशी दिलेलं आंतरप्रवाही कीटकनाशक. ते रसात असतं, पान धुऊन जात नाही. नवीन हळदीकुंकू, लिंबू, कडीपत्ता घरी आणल्यावर पहिला महिना-दीड महिना जाळीत ठेवा, एकदा अर्ध्यावर छाटा आणि नवीन फूट आल्यावरच उघडं करा. बियांपासून किंवा ओळखीच्या बागेतल्या कलमापासून केलं तर ही भानगडच नाही.

हळदीकुंकवावर पिवळा मावा येणारच. औषध नको. सकाळी शेंडा दोन बोटांत धरून पाण्याच्या बारीक धारेने धुवा, एक दिवसाआड तीनदा. आधी पानांची खालची बाजू तपासा, अंडी असतील तर ते पान सोडा. साबणाचं पाणीही नको, तेही लहान अळीचा जीव घेतं. तीन कुंड्यांपैकी एक नेहमी जाळीत ठेवा. दोन बोडक्या झाल्या की तिसरी उघडायची, बोडक्या अर्ध्यावर छाटून गांडूळखताची मूठ द्यायची. तीन-चार आठवड्यांत पाला परत येतो.

मुंग्यांचं दोन प्रकारचं. लाइम, टायगर यांची अंडी आणि बाळअळ्या मुंग्या उचलून नेतात, तिथे कुंडीच्या स्टँडच्या पायांना ग्रीसचा दोन इंच पट्टा लावा. पण चित्रकावर किंवा आंबोशीवर मुंग्या एखाद्या चपट्या हिरव्या अळीभोवती घुटमळत असतील तर त्यांना हुसकू नका. निळ्या फुलपाखरांच्या अनेक जातींच्या अळ्या गोड स्राव देतात आणि मुंग्या बदल्यात राखण करतात.

साखरपाणी: नको. उन्हात आंबतं, मुंग्या आणि गांधीलमाश्या येतात. फळ ठेवा. कॉमन बॅरन, ईव्हनिंग ब्राऊन, नवाब ही मंडळी फुलांकडे फारशी बघत नाहीत, त्यांना सडलेलं फळ लागतं. काळं पडलेलं केळं सालीसकट चिरून, सावलीत, ४-५ फुटांवर तारेने टांगा आणि तारेला ग्रीस लावा. दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर चिलटं घरात येतील. जवळपास आंबा असेल तर कॉमन बॅरन जवळजवळ नक्की, त्याची अळी आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेवर झालरीसारखी पसरून बसते, समोर असून दिसत नाही.

चिखलपान (फुलपाखरं ओल्या मातीतून क्षार शोषतात ते): १२ इंची मातीची परळ, त्यात वाळू आणि बागेची माती अर्धी-अर्धी, वर एक चमचा शेण कालवलेलं पाणी आणि चिमूटभर मीठ. ओल दिसली पाहिजे, पाणी साचता कामा नये. पाणी उभं राहिलं तर डास होतात आणि फुलपाखरंही बसत नाहीत. यावर येणारे बहुतेक नर असतात, त्यांना सोडियम हवा असतो. मीठ जास्त घातलंत तर माती पांढरी पडते, तेव्हा माती बदला. पावसाळ्यात हे ठेवण्यात अर्थ नाही, सगळीकडे चिखलच असतो. ऑक्टोबर ते मे ठेवा.

धूर: फॉगिंगमध्ये बहुधा पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं, त्याने अळ्या टपाटप पडतात. सोसायटीला वेळ विचारून घ्या, त्या तासाभरापुरता पट्ट्यावर प्लॅस्टिकचा कागद टाका, धूर बसल्यावर काढा आणि पानं पाण्याने धुवा. उन्हात कागद विसरलात तर झाडं भाजतील. त्याहून चांगला मार्ग म्हणजे साचलेल्या पाण्यात बीटीआय (जिवाणूपासूनचं औषध) टाकायला सोसायटीला सांगा, ते डासांच्या अळ्यांवर काम करतं, फुलपाखरांच्या नाही. फक्त शेवटचं अक्षर नीट वाचा. बीटीके नावाचं जे भाजीपाल्यासाठी मिळतं ते फुलपाखराची अळी मारण्यासाठीच असतं.

तळमजला

सगळ्यांचे आभार. फवारणी बंद केली. दोन शंका. तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी आहे, शेपटीला आखूड पिवळसर शिंग, मानेजवळ दोन निळे-पांढरे डोळे. दोन दिवसांत अर्धी तगर गेली. ही कोणाची? आणि कडीपत्त्याजवळच्या भिंतीवर एक कोश आहे, तो काल हिरवा होता, आज गडद झालाय. मेला का? घरात आणून डब्यात ठेवू का, मुलांना बघायचंय.

खुरपं

मागे शिंग म्हणजे फुलपाखरू नाही, हॉकमॉथ नावाचा पतंग. तगर आणि निळे डोळे यावरून ओलिएंडर हॉकमॉथ, पंख हिरव्या संगमरवरासारखे. विषारी नाही. तगर दणकट आहे, महिन्यात परत पालवते. अळी तपकिरी पडली आणि खाली उतरायला लागली की जमिनीवर पाल्याखाली कोश करते, तेव्हा तगरीखालचा पालापाचोळा महिनाभर झाडू नका. हात लावायचा नाही तो केसाळ सुरवंटांना. शेवग्यावर झुंडीने येतात ते, त्यांच्या केसांनी अंगावर पित्त उठतं.

कोशातला

कोश गडद झाला आणि आतून पंखाची नक्षी दिसत असेल तर उद्या सकाळी फुलपाखरू बाहेर येईल. नक्षी नाही, कोश काळा, मऊ आणि वास येतोय, तर तो मेला. कोशाला बारीक गोल भोक दिसलं तर आत गांधीलमाशीच्या जातीचा परजीवी होता, आणि कोशातून पांढरा रेशमी धागा खाली लोंबत असेल तर टॅकिनिड माशीची अळी बाहेर पडून जमिनीत गेली. दोन्हींवर उपाय नाही, आणि करायचाही नसतो. अळीच मऊ होऊन उलटी लोंबकळत काळं पाणी गाळत असेल तर तो विषाणू. ती फांदी कापून पिशवीत बंद करून टाका आणि कात्री गरम पाण्यात धुवा, नाहीतर बाकीच्या अळ्यांना लागतो.

घरात आणू नका, भिंतीवरच बघू द्या. बाहेर आल्यावर पंख पसरून वाळायला तास-दोन तास लागतात, खाली पाच-सहा इंच मोकळी जागा हवी. मुलांना हात लावू देऊ नका, पंख त्या वेळी ओल्या कागदासारखे असतात, एकदा मुडपले की कायमचे.

मुलांसाठी डबा करायचाच असेल तर पुढच्या वेळी एक किंवा दोन अळ्या, त्याहून जास्त नाही. झाकणाऐवजी मच्छरदाणी, तळाला टिश्यू, फांदी पाण्याच्या लहान बाटलीत आणि बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद, कारण अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. पानं रोज बदला, धुऊन पूर्ण वाळवून. विष्ठा रोज काढा, डब्यात दमट वाफ धरली की बुरशी आलीच. उभी आडवी एक कोरडी काडी आत ठेवा, कोश तिच्यावर होतो.

रानतुळस

एक राहिलं. सप्टेंबरात कुठे भुरुंडी किंवा खुळखुळा उपटून टाकलेला दिसला तर जुडी करून ग्रिलला उलटी टांगा. वाळत चाललेल्या फांद्यांवर ब्लू टायगर, कॉमन क्रो, प्लेन टायगर यांचे नर गोळा होतात, त्यातलं अल्कलॉइड त्यांना मादीला आकर्षित करणारा गंध बनवायला लागतं. जुडी पावसात भिजू देऊ नका. आणि या दोन्ही वनस्पती विषारी आहेत, मुलं आणि मांजर यांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचावर बांधा.

दापोलीचा वारा

वेळेचा अंदाज द्यायचा राहिला. कडीपत्ता आहेच, त्यामुळे फवारणी थांबल्यावर लाइम जुलैतच अंडी घालेल. पानफुटी आणि चित्रकाला साधारण ऑगस्ट-सप्टेंबर. प्लेन टायगर हळदीकुंकू दोन फूट झाल्यावर. ईश्वरीला पहिलं वर्ष द्या, पहिल्या पावसाळ्यात वेल मूळ धरते, अळ्या आल्या तर त्या वर्षी त्यातल्या तीन-चारच ठेवा आणि बाकीच्या ओळखीच्या कुणाकडे ईश्वरी असेल तर तिथे पोचवा. डिसेंबरनंतर आणि एप्रिल-मेच्या उन्हात संख्या पडते. त्या काळात काही चुकलं म्हणून झाडं बदलत बसू नका, पेंटासला पाणी आणि कडीपत्त्याला छाटणी एवढंच चालू ठेवा.

तळमजला

ईश्वरीच्या तीन वेली सांगून ठेवल्या आहेत. सोसायटीने पट्ट्याकडच्या बाजूला धूर न मारण्याचं मान्य केलं, बीटीआयचं पुढच्या सभेत. जाळीचं कापड कुठल्या मापाचं घेऊ?

खुरपं

साधी नायलॉनची मच्छरदाणी, मीटरवर मिळते ती. एका १२ इंची कुंडीला दोन मीटर पुरते.